अकरा पुस्तकांची शेवटची पानं

४ मार्च

मुंगी,

आशीर्वाद लिहावा तर तू म्हणशील कुठल्या तोंडानं, आणि नमस्कार लिहावा तर मी आठ वर्षांनी मोठी. म्हणून नुसतंच लिहिते. पत्ता कुठून मिळाला असं विचारू नकोस. गावात मला अजून दुर्बीणताईच म्हणतात.

गळा काढायला लिहीत नाहीये, काम आहे. वाचनालयातल्या रहस्यकथांची शेवटची पानं पुन्हा जायला लागली आहेत. तीन महिन्यांत चार पुस्तकं. अगदी त्या वेळेसारखीच. बाकी पुस्तक धडधाकट, बाइंडिंग ताजं, आणि नेमकं खुनी कोण हे कळायच्या वेळी पुढे पान नाही, सरळ पुठ्ठा. तुझं डोकं अशा बाबतीत बरं चालायचं, म्हणून विचारते. दुसरं काही मनात आणू नकोस.

वाचनालय अजून दवाखान्याच्या वरच्याच खोलीत आहे. जिना तोच. तो उंच झालाय की माझे गुडघे आखूड झालेत, ते मात्र कळत नाही. खालून अजून औषधांचा वास येतो आणि कादंबरीतल्या बाईला ताप चढला की तो अगदी खरा वाटतो. खिडकीखालचं बाक तू बसून बसून एका बाजूला गुळगुळीत केलं होतंस. तिथे आता कंपाउंडर बसतो. दवाखान्यातून निवृत्त झाला, पण त्याचे पाय इथलेच. खाली गोळ्या मोजायचा, आता वर येऊन पानं उलटतो. चारही पुस्तकं त्यानं नेलेली आहेत आणि चारही वेळा तोच बोंबलत आला, "ताई, खुनी गायब!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच असावं. माझी नजर त्याच्यावर आहे.

परवा कपाट पुसताना आपली वही हाती लागली. 'तपासाची वही', वर तुझ्या अक्षरात 'उघडू नये'. तू सहा वर्षांची होतीस. शेजारच्या काकूंची अंडी जायची आणि सगळे मांजराला शिव्या घालायचे. तू दोन दुपारी गवताच्या गंजीमागे बसून राहिलीस आणि पळत येऊन मला म्हणालीस, "ताई, मांजराला मिशा असतात, पण धोतर नसतं." काकूंचा सासराच कच्ची अंडी फोडून घटाघटा पीत होता. बाबा टपाल वाटून आले, त्यांना सांगितलं तर सायकल भिंतीला टेकवून खाली बसून हसले. मग म्हणाले, "पोरींनो, शोध लावणं सोपं असतं. तो कुणाला सांगायचा ते अवघड असतं." त्यांनी काकूंना काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला मात्र रोज गाठून विचारायचे, "काय आजोबा, तब्येत?" आठ दिवसांत अंडी जायची थांबली.

३१ तारखेला वाचनालयाला पन्नास वर्षं होतात. माझा सत्कार ठेवलाय. भाषणं, फोटो, चहा-बिस्किटं. हेडमास्तर बोलणार आहेत. शहाऐंशी वर्षांचे झाले, पण आवाज अजून शाळेच्या मैदानापलीकडे जातो. ते बोलायला उभे राहिले की 'ती' गोष्ट सांगणारच. मी नको म्हटलं होतं. अगदी जोरात नाही म्हटलं.

तुला सवड असेल तर ये. नसेल तर निदान या पानांबद्दल तुला काय वाटतं ते कळव.

तुझी ताई


१२ मार्च

मुंगी,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणायचे, पत्र आलं नाही हीसुद्धा एक बातमीच असते. मी ती वाचली. तरी लिहितेय, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि इथे सांगावं असं कुणी उरलं नाही.

कंपाउंडरच्या मागावर तीन दिवस होते. हसू नकोस, सत्तर वर्षांच्या बाईनं पाळत ठेवणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. पहिल्या दिवशी तो किराणा दुकानात शिरला, मी मिरच्यांच्या पोत्याआड उभी राहिले. त्यानं ब्लेडचं पाकीट मागितलं. माझं काळीज असं उडालं म्हणतेस! तेवढ्यात मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मी एकामागून एक सात शिंका दिल्या. तो वळून म्हणाला, "ताई, दाढी करायला घेतोय. पानं कापायला नाही. आणि सर्दीला गोळी देऊ का?"

मग वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "मला काय मिळणार आहे हो ती पानं काढून? अकरा दिवस झाले, माळ्याने मारलं की मावशीने मारलं, जीव टांगणीला लागलाय. जेवताना बायको काहीतरी सांगते तर मी म्हणतो, माळीच असणार!" खोटं बोलणारा माणूस असा रडकुंडीला येत नाही. त्याला सोडून दिलं.

पण जाता जाता तो बोलला. जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता. "दुर्बीणताई, एक विचारू? तुमची बहीण तर इतकी वर्षं इथे नाही. मग आता कोण कापतंय?"

मी म्हटलं, एकसारख्या दोन चोऱ्या झाल्या म्हणजे चोर एकच असतो असं नाही. तो "हो, तेही खरंच" म्हणाला आणि खाली गेला.

मुंगी, तू म्हणशील, ताई आता वळणावर आली. मी काही आलेले नाही. त्या वेळी सभेत तुझं नाव घेतलं ते मी सगळं तपासूनच. अकरा पुस्तकं, अकराही रहस्यकथा, अकराही तू नेल्याची नोंद तुझ्याच अक्षरात. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड. मी मोठ्यानं वाचून दाखवायचे तेव्हा तुझं बोट हळूच मागच्या पानाखाली सरकायचं आणि मी चापट मारायचे. तुझ्या पेन्सिलीच्या डबीत ब्लेड. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तू गाव सोडून गेलीस आणि त्यानंतर एकही पान गेलं नाही. एकही नाही, या चार पुस्तकांपर्यंत, एकेचाळीस वर्षांत. याचा अर्थ दुसरा काय लावायचा होता, तूच सांग.

घरच्या माणसालाही सोडलं नाही, असं लोक म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

आज ब्लेडनं एका रद्दी पुस्तकाचं पान कापून बघितलं. कितीही सफाईनं कापलं तरी शिवणीजवळ बोटभर पट्टी राहते. त्या चार पुस्तकांत पट्टी नाही. म्हणजे हे काम पुस्तक आतून जाणणाऱ्या माणसाचं आहे. उद्या-परवा बाइंडरच्या घरी जाते. म्हातारा बाइंडर जाऊन बारा वर्षं झाली, आता त्याची मुलगी काम करते. तू गेलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, जमिनीवर बसून कागदाच्या घड्या घालायची.

तुझी ताई


२० मार्च

मुंगी,

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

आज दुपारी बाइंडरकडे गेले. घर तसंच आहे. दारात पाय ठेवला की खळीचा आंबूस वास, खुंटीला दाभणं, दोऱ्याची रिळं, आणि ती मोठी लोखंडी दाबयंत्राची मूठ, जिला लोंबकळून तू एकदा दात पाडून घेतला होतास. दारावर म्हाताऱ्याच्या नावाची पाटी अजून आहे. पण कामाला मुलगी नव्हती, तिचा नवरा बसला होता. पूर्वी ट्रक चालवायचा, पाठ गेली म्हणून घरी बसला. बायकोचा हात डिसेंबरात मोडला, तेव्हापासून बाइंडिंग हाच करतो. "त्यात काय एवढं?" म्हणाला. "तिचं बघून बघून शिकलो. उलट मी लवकर करतो."

मी म्हटलं, करून दाखवा बघू.

समोर आपलंच पुस्तक होतं, गेल्या आठवड्यात शिवणीला पाठवलेलं. पातळ रहस्यकथा, स्वस्त कागद. त्यानं पुस्तक शिवलं, पुठ्ठा लावला. मग शेवटचं पान धरलं आणि मुंगी, माझ्या डोळ्यांदेखत त्या छापील पानावर ब्रशनं खळ फासली. मला दोन ओळी दिसल्या. 'आणि तो हात होता...' एवढंच. पुढचं खळीखाली गेलं. पान पुठ्ठ्यावर चिकटवून हाताने दाबलं, वरून निळ्या कागदाचं अस्तर लावलं आणि पुस्तक मिटून म्हणाला, "झालं. आता दहा वर्षं हलत नाही."

मी ओरडले. "अहो, ते गोष्टीचं पान होतं!"

"असू दे की," तो म्हणाला, "शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवायचंच असतं. नाहीतर पुठ्ठा निखळेल. सासऱ्यांची पद्धत आहे."

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, कोरा कागद लावलात ना आधी?"

"कसला कोरा कागद? तू उगाच दोन-दोन कोरे कागद घालत बसतेस. कागद काय झाडाला लागतो?"

मग ती बाहेर आली. हात गळ्यात बांधलेला. तिनं पुस्तकाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी विचारलं, "कोरा कागद लावायची पद्धत कधीपासूनची?" मी तिला ओळखते, ती लहानपणापासून खोटं बोलू लागली की नाक चोळते. आज नाकाला हात गेला नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जरा दूध घेऊन या."

मुंगी, आता मला जे कळलं ते तुला आधीपासून माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला ते स्वतःच्या हातानं लिहायला हवं.

चांगल्या कादंबरीला छापणारा शेवटी एक-दोन कोरी पानं सोडतो. बाइंडर त्यातलं एक पुठ्ठ्याला चिकटवायचा, कुणाचं काही जायचं नाही. स्वस्तातल्या रहस्यकथांना कोरं पान नसतंच, गोष्ट अगदी शेवटच्या पानापर्यंत छापलेली. म्हातारा तेच चिकटवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकं शिवली आणि एक अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं गावापासून लपवली होती. बायकोलाही उशिरा कळलं म्हणे. त्याच्या लेखी पान म्हणजे पान.

आणि मी? वाचकाकडून आलेलं प्रत्येक पुस्तक मी पान-पान उलटून तपासायचे. डाग, दुमड, पेन्सिलीची रेघ, काही सुटायचं नाही. बाइंडरकडून आलेलं मात्र वरून फडकं मारून थेट कपाटात. घरचंच माणूस, त्याचं काय तपासायचं! मी तुझं तपासलं, त्याचं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

केटलीची वाफ देऊन आम्ही मी सोबत नेलेल्या चारही पुस्तकांची अस्तरं सोडवली. चारही शेवटची पानं आत होती. ओली, पण शाबूत. मग ती म्हणाली, "ताई, तुमची बहीण जायच्या दिवशी इथे आली होती. मी इथेच बसले होते."

ती म्हणाली, तू एक पुस्तक आणलं होतंस. पाण्यानं अस्तर सोडवलेलं. म्हाताऱ्याला दाखवलंस. तो हातातलं दाभण टाकून उठला. म्हणाला, मी आत्ता जातो आणि सगळ्यांसमोर सांगतो, पोरीचा काही दोष नाही. तू त्याचा हात धरून म्हणालीस, "नका जाऊ. ताई उद्या तुम्हाला उभं करेल आणि मग तुम्हाला वाचता येत नाही हे गावभर होईल. मी कुठेही शिकवू शकते. तुमच्या हातांना दुसरं काही येत नाही. यापुढे फक्त एक कोरा कागद लावा." आणि मग दुपारच्या गाडीनं गेलीस.

त्या दिवसापासून त्यानं कोरा कागद लावला. मुलीलाही तेच शिकवलं. म्हणून पानं जायची थांबली. आणि मी एकेचाळीस वर्षं छाती पुढे काढून सांगत होते की बघा, ती गेली आणि चोरी थांबली.

लिहवत नाही पुढे.

ताई


२४ मार्च

मुंगी,

चार दिवस या पत्राशी बसतेय. तीन वेळा फाडलं. आधी धाडलेल्यांपैकी पहिल्या पत्रात तुझ्या डोक्याची तारीफ केली, दुसऱ्यात पुरावे मोजले, तिसऱ्यात सगळं म्हाताऱ्याच्या खळीवर ढकललं. खरं ते अजून लिहिलेलंच नाही.

एकेचाळीस वर्षांपूर्वी तुला चोर म्हटलं त्या सभेच्या आदल्या दिवशी मी वाचनालयात एकटी होते. अकरा पुस्तकं टेबलावर मांडली होती. एक उचललं आणि खिडकीशी उजेडात जाऊन शेवटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. पट्टी नव्हती. कापल्याची काही म्हणजे काहीच खूण नव्हती. मला त्याच क्षणी कळलं की ब्लेडचं काम नाही हे. कुणाचं आहे ते कळलं नव्हतं, पण तुझं नाही एवढं कळलं होतं.

पुस्तक मिटलं आणि गठ्ठ्यात ठेवून दिलं. कुणी पाहिलं नव्हतं.

का, ते सांगते. सगळ्या गावाला कळलं होतं की दुर्बीणताईनं चोर शोधलाय. उद्या सभा, हेडमास्तर येणार, लोक जिन्यापर्यंत उभे राहणार. मी म्हणू काय, मला माहीत नाही म्हणून? आणि दुसरं कारण याहून वाईट आहे. तेव्हा लोक म्हणायला लागले होते की धाकटी मोठीपेक्षा हुशार. हेडमास्तर म्हणाले होते, ही शाळेत आली की शाळा पालटेल. तू सहा वर्षांची असल्यापासून मी तुला शिकवलं आणि मी राहणार वाचनालयाच्या खोलीत, तू मात्र शाळेत. मी तुला घालवायला निघाले नव्हते, मुंगी. तुझी नोकरी जाईल असं खरंच वाटलं नव्हतं. मला फक्त एक दिवस तू माझ्यापेक्षा लहान हवी होतीस.

सभेत तू काहीच बोलली नाहीस. "तुला काही सांगायचंय?" असं हेडमास्तरांनी दोनदा विचारलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, गुन्हेगार असाच बघतो. नाही, असंही नाही वाटलं. मी फक्त तसं ठरवलं.

आई पुढे सहा वर्षं जगली. दारात कुणाचं पाऊल वाजलं की विचारायची, "आली का ग?" कोण, ते कधी बोलली नाही. तुझा पत्ता आत्यानं मला तेव्हाच दिला होता. तो ट्रंकेत होता, मी आईला हरवला म्हणून सांगितलं. इतकं सगळं लिहितेच आहे तर हेही लिहून टाकते.

आता ३१ तारखेचं काय करू? तुझं नाव धुऊन काढायचं तर म्हाताऱ्याचं नाव घ्यावं लागेल. त्याची मुलगी काल आली होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, मी अडवणार नाही. आमच्यामुळे तुमच्या घराचं इतकं झालं." दारात जाऊन परत वळली आणि म्हणाली, "फक्त सांगायच्या आधी मला कळवा. मी पाटी काढून ठेवते."

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तुला विचारतेय आणि तुझं उत्तर यायला वेळही उरलेला नाही.

ताई


१ एप्रिल

मुंगी,

काल झालं ते सांगते.

खोली खचाखच भरली होती. दवाखाना बंद ठेवून लोकांना खालच्या बाकांवर बसवलं आणि जिन्यात कर्णा लावला. मला नवी खुर्ची दिली होती, तिच्यात माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. हेडमास्तर उभे राहिले. पन्नास वर्षांची सेवा वगैरे झालं आणि मग आलेच तिथे. "या बाईनं सत्यापुढे रक्ताचं नातंही पाहिलं नाही." टाळ्या वाजल्या. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्याच वाक्याला टाळ्या वाजल्या होत्या, तेव्हा मी मान खाली घालून नम्रपणे हसले होते. मुंगी, काल त्या टाळ्या ऐकवेनात.

मी खुर्चीतून उतरले. लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहिलं. म्हटलं, "मास्तर, थांबा. त्या अकरा पुस्तकांची पानं माझ्या बहिणीनं काढली नव्हती. हे मला सभेच्या आदल्या दिवशी कळलं होतं. कळूनही मी तिला इथे, याच जागी, तुमच्या सगळ्यांसमोर चोर म्हटलं. ती निर्दोष होती. सत्य वगैरे काही नाही, मी माझ्या बढाईसाठी खोटं बोलले."



कंपाउंडरच बोलला, दुसरं कोण बोलणार. "मग ताई, पानं काढली कुणी?"

तिसऱ्या रांगेत ती बसली होती, हात अजून गळ्यात. नवरा शेजारी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरून उठायच्या बेतात होती. उभी राहून तीच सांगणार होती, मला कळलं. मी तिच्या आधी बोलले.

"मला माहीत नाही."

"म्हणजे अजून छडा लागलाच नाही?"

"नाही लागला. मला नाही जमलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "दुर्बिणीची काच फुटली!" आणि हशा पिकला. पिकू दे. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं उत्तर माहीत होतं आणि मी ते पोटात ठेवलं. पोटात ठेवायला किती जड असतं ते तू विशीतच शिकलीस, मला सत्तरी लागली.

फोटो झाले नाहीत. लोक चहा पिऊन, कुजबुजत गेले. काही बायका माझ्याशी बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. हेडमास्तर मात्र जागचे हलेनात. कानातलं यंत्र काढून हातात धरून बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "त्या जागेवर मी ज्याला घेतलं तो पोरांना मारायचा. तुला माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "पत्ता आहे का तिचा?" कागदावर लिहून दिला. त्यांचं पत्र आलं तर फाडू नकोस, म्हाताऱ्यांना लिहायला फार वेळ लागतो.

कंपाउंडरला त्याचं पुस्तक आज परत दिलं, शेवटच्या पानासकट. कपाटामागे सापडलं म्हणून सांगितलं. उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणतो कसा, "हात्तिच्या, मावशीच! मला पहिल्यापासून माहीत होतं."

किल्ल्या मी आज समितीकडे देऊन आले. त्यांनी मागितल्या नव्हत्या. बाइंडरच्या दारावरची पाटी जिथल्या तिथे आहे, येताना पाहून आले.

माफी माग असं मन म्हणतं, पण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. तुझ्याकडून मी आधीच फार घेतलंय. म्हणून मागत नाही. हे शेवटचं पत्र. यापुढे तुला त्रास द्यायची नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

पाचही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून फेकून दिली. तिसरं ठेवलं, पण उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

तू सभेत उभं केलंस म्हणून मी गेले, असं तू इतकी वर्षं धरून चाललीस. तसं नाही ग. सभेच्या आदल्या दिवशी मी वाचनालयातच होते, मागच्या कपाटाआड, खालच्या खणातली पुस्तकं लावत. तू खिडकीशी जाऊन शिवणीवरून बोट फिरवलंस. थांबलीस. पुन्हा फिरवलंस. मग पुस्तक मिटून गठ्ठ्यात ठेवलंस. तुला कळलंय, हे मला तुझ्या पाठीवरून कळलं. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगेल. जेवताना सांगेल. सभेत हेडमास्तरांनी दोनदा विचारलं तेव्हाही मी तुझ्याकडेच बघत होते, की आता तरी सांगेल.

गाव गेलं, नोकरी गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. मी कुठेही शिकवलं असतं, आणि शिकवलंही. पण तू पाहिलं होतंस आणि गप्प राहिलीस, हे मी कुणाला सांगू शकले नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. लोकांना वाटायचं, बहिणीचा गैरसमज झाला. मीही तसंच म्हणायचे.

चौथ्या पत्रात तू ते स्वतः लिहिलंस. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बसले.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं येते. आठ दिवस राहीन, पुढचं पुढे बघू. मला साखर चालत नाही, घोरते आणि आता मला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं बोलायची तयारी ठेव. स्टँडवर येऊन उभी राहू नकोस, गुडघे दुखतील. दार लोटून ठेव, म्हणजे झालं.

मुंगी